लाल नाड्याची शिशी

सौंदडला हनुमानाच्या देवळामागे एक गल्ली आहे. तिथे कोणाचं लेकरू खोकलायला लागलं की त्याची आई आधी सुशिलाबाई कटरेंच्या दारात यायची, मेडिकलचं दुकान त्यानंतर. सुशिलाबाईंनाही ते आवडायचं. दाराशी चपला वाजल्या की हातातलं काम ठेवून त्या विचारायच्या, कोणाचं, मोठीचं का धाकट्याचं? आणि उत्तर येण्याआधीच पदराला हात पुसत स्वयंपाकघरातल्या फळीकडे वळायच्या.

त्या भिंतीला दोन फळ्या होत्या. वरच्या फळीवर गडकालिका मायची तसबीर, महादेवाची लहानशी पिंड आणि निरांजन. खालच्या फळीवर औषधं. तापाचं, खोकल्याचं, पोटदुखीचा ओव्याचा अर्क, पिळून पिळून चपट्या झालेल्या मलमाच्या नळ्या. सकाळी देवाला उदबत्ती ओवाळून झाली की तिचा धूर एकदा खालच्या फळीवरूनही फिरायचा. त्यांची सून अंजू बी.ए. झालेली. तिला याचं हसू यायचं. नवीन नवीन असताना तिने विचारलंही होतं, "आई, औषधाला कायले उदबत्ती?"

"गुण कोण देते मंग? कंपनी?" सुशिलाबाई म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

या फळीमागे एक जुनी गोष्ट होती. मुलगा उमेंद्र लहान असताना गावात मेडिकल नव्हतं. औषध आणायचं तर गोंदियाची गाडी पकडायची, आणि एक गाडी हुकली की दुसरीची वाट पाहत फलाटावर बसायचं. अशीच गाडी हुकलेल्या दिवशी उमेंद्र तापाने फणफणला आणि शेजारच्या म्हातारीने आपल्या नातवाची उरलेली अर्धी शिशी आणून हातावर ठेवली. ताप औषधाने उतरला की देवाने उतरवला, ते देवच जाणे. पण ती अर्धी शिशी सुशिलाबाई विसरल्या नाहीत. तेव्हापासून त्यांच्या घरी औषध हे विरजणासारखं झालं.

विरजणाला कोणी कोणाला नाही म्हणत नाही. आज माझं दही नासलं, तुझ्याकडचं दे. उद्या तुझ्या घरी मांजराने तोंड घातलं, माझ्याकडचं ने. वाटी जाते, वाटी येते. मात्र आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, ही त्या गल्लीची रीत. मूठभर तांदूळ, चार मिरच्या, गुळाचा खडा, काहीच नसलं तर तुळशीचं पान तरी, पण वाटीत काहीतरी घालूनच वाटी परत जायची. सुशिलाबाईंच्या औषधाच्या शिश्याही अशाच जायच्या-यायच्या. आपली शिशी कोणती हे ओळखू यावं म्हणून त्यांनी प्रत्येक शिशीच्या गळ्यात पूजेचा लाल नाडा बांधून ठेवला होता. घरात लाल नाड्याचं काही सापडलं की बायका ते कटरेंकडे आणून द्यायच्या, मग ती शिशी असो की गेल्या नवरात्रातलं कंकण.

अंजूने एकदोनदा समजावून पाहिलं होतं. औषध असं वाटत नसतात आई, प्रत्येक लेकराचं वजन वेगळं, वय वेगळं, डॉक्टरला विचारावं लागते. सुशिलाबाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की माझ्या हाताचं औषध प्यालेले पोट्टे आता ट्रॅक्टर चालवून राहिले. अंगणालगतच्या छपरीत खाटेवर बसून सुतळी वळणारे त्यांचे मालक, बिसराम, हे ऐकून नुसते हसले. ते बायकोला डॉक्टरीणबाई म्हणत. पण स्वतःचे गुडघे दुखायला लागले की गुपचूप सडक अर्जुनीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन येत, हेही गल्लीला ठाऊक होतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. दसरा झाला होता, दिवाळी तोंडावर होती. लवकर येणारा हलका धान पिकून शेतातल्या बांध्या पिवळ्या झाल्या होत्या आणि गावातल्या बाया सकाळीच विळे घेऊन कापणीला जात होत्या. सकाळचं दव आणि दिवसभराची धानाची धूळ, त्यामुळे लहान पोरं हमखास खोकायची. शेजारची दुलारीही कापणीला जायची. तिचा नवरा खुशाल गोंदियाला राइस मिलमध्ये, रविवारी घरी येणारा. दोन वर्षांच्या संजूला ती सकाळी सुशिलाबाईंकडे सोडायची आणि संध्याकाळी न्यायची. संजू म्हणजे गोल पोटाचा, कमी बोलणारा, सारखा ओला होणारा पोरगा. त्याच्या चड्ड्यांनी कटरेंच्या घरामागच्या सांदवाडीतली दोरी दुपारपर्यंत भरून जायची. सुशिलाबाईंची नात टीना त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. ती त्याला हाताला धरून फिरवायची आणि ओला झाला की ओरडून सगळ्या गल्लीला सांगायची.

एका सकाळी गावात सरकारी आरोग्याचं काम पाहणारी आशाताई, रीता, दारात आली. खांद्याला पिशवी, हातात फोन.

"काकी, लेकरांचं खोकल्याचं औषध आहे का घरी?"

"कोणाले झाला खोकला?"

"कोणाले नाही जी. एक औषध सरकारनं परत बोलावलं."

मग ओट्यावर टेकून तिने सगळं नीट सांगितलं. एका औषधाच्या एका खेपेत काही वाईट मिसळलेलं निघालं होतं. लेकरांच्या किडनीला त्याने त्रास होतो. त्याच नावाची सगळीच औषधं खराब आहेत असं नाही, म्हणून घाबरायचं नाही, आधी लेबलवरचा बॅच नंबर पाहायचा. तोच नंबर असेल तर पुढे एक थेंबही द्यायचा नाही. नालीत ओतायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही, कोणाला देऊन टाकायचं तर अजिबात नाही. झाकण घट्ट लावून लेकरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवायचं आणि तिच्याकडे नाही तर मेडिकलवाल्या मनोहरलालकडे जमा करायचं. आणि एखाद्या लेकराने ते घेतलं असेल, तर ते कितीही खेळत असलं तरी डॉक्टरला दाखवायचं. लघवी कमी झाली, उलट्या झाल्या, लेकरू सुस्त पडलं, तर मग वाट पाहत बसायचंच नाही.

सुशिलाबाईंनी फळीवरची शिशी काढून आणली. नाव तेच होतं. रीताने शिशी उजेडात धरली, फोनमधला नंबर आणि लेबलवरचा नंबर दोनदा ताडून पाहिला आणि म्हणाली, "वेगळा आहे काकी. हे जुन्या खेपेचं. टेन्शन नोको."

सुशिलाबाईंनी वर तसबिरीकडे पाहून हात जोडले. रीता पुढच्या घरी गेली. जाता जाता, इतक्या लहानांना असं औषध मनानं देऊ नका, असंही म्हणाली होती. पण तेवढं ऐकायला सुशिलाबाईंचं लक्ष राहिलं नव्हतं. त्यांच्या घरचं औषध चांगलं निघालं होतं, आणि त्या आनंदात, दुपारी भात भरवून झाल्यावर संजू दोनदा खोकला तेव्हा त्यांनी त्याच शिशीतून त्याला चमचाभर पाजलं. आदल्या दिवशी टीनालाही दिलं होतं. संजू तिथेच खाटेवर झोपी गेला.

थोड्या वेळाने त्याच गल्लीतली रुख्मा वाटी घेऊन विरजण मागायला आली. वाटीत पाच-सहा वालाच्या शेंगा होत्या. तुमच्या विरजणाचं दही फार गोड लागते काकी, ती म्हणाली, आमच्या घरच्याईले दुसरं चालत नाही.

"माझं कुठचं आता ते," सुशिलाबाई दह्याच्या गंजात पळी घालत म्हणाल्या. "माझं तर दसऱ्यालेच नासलं. वाटी माझी, दही दुलारीच्या घरचं."

हे बोलता बोलता त्यांचा हात भांड्यातच थांबला.

दसऱ्याच्या आधी ती शिशी दुलारीकडे गेली होती. गेली तेव्हा तिच्या तळाशी जेमतेम औषध होतं, हे त्यांना चांगलं आठवत होतं, कारण देताना त्यांनीच शिशी तिरपी करून दाखवली होती. आणि परत आली ती गळ्यापर्यंत भरलेली. रिकामी कशी यावी? तेव्हा त्यांना कौतुक वाटलं होतं, पोरीने रीत पाळली म्हणून. शिशी त्यांची होती, नाडा त्यांचा होता, लेबल त्यांचं होतं. आतलं औषध त्यांचं नव्हतं.

रुख्मा वाटी घेऊन गेली तरी त्या तिथेच उभ्या होत्या. मग खाटेजवळ गेल्या. संजू झोपला होता. त्याच्या पायाला हात लावून पाहिला, पाय गरम होते. चड्डी चाचपली, कोरडी होती. त्या मागे सांदवाडीत गेल्या. दोरीवर एकच चड्डी वाळत होती, तीही सकाळची. मग पोराने शू केव्हा केली? भात खाताना? त्याच्या आधी? त्यांना काही केल्या आठवेना.

बिसरामांनी त्यांचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते विचारलं. ऐकून ते म्हणाले की नालीत टाक आणि मोकळी हो, कोणाले माहीत पडते? त्यांचं तसं सगळ्याच गोष्टींना एकच औषध असायचं, नाली. सुशिलाबाईंनी शिशी उचलली खरी, पण नालीकडे नेली नाही. आतल्या खोलीत अंजू मशीनवर ब्लाउज शिवत होती, तिच्यासमोर जाऊन त्या उभ्या राहिल्या.

"अंजू, या शिशीत कोणतं औषध आहे ते मले माहीत नाही."

अंजूने मशीन थांबवलं. सासूबाईंनी पुढचं सगळं सांगितलं. कोणाची शिशी, कोणी भरली, कोणाला दिली. टीनाचं नाव आलं तेव्हा अंजू उठून उभी राहिली. तिने आधी टीनाला हाक मारून जवळ घेतलं, शू केव्हा केली ते विचारलं, आणि मग रीताला फोन लावला. ती रागावून काही बोलली असती तर सुशिलाबाईंना बरं वाटलं असतं.

दुलारीचा फोन घरीच चार्जिंगला होता. तेव्हा संजूला अंजूच्या हवाली करून सुशिलाबाई स्वतःच निघाल्या. रेल्वेचं फाटक ओलांडून, शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने, चिखलातून, वयाला न शोभणाऱ्या पावलांनी. कापणाऱ्या बायांच्या ओळीत त्यांनी दुलारीला हाताला धरून बाजूला घेतलं आणि एवढंच विचारलं की माझी शिशी तू कशाने भरून देली होतीस?

दुलारीला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिने सांगितलं. काकींच्या शिशीतलं तळाचं औषध दोन दिवसांत संपलं. संजूचा खोकला राहिलाच, म्हणून तिने मनोहरलालच्या मेडिकलमधून, खोकल्याचं द्या म्हणून, नवी शिशी आणली. त्यातलं काकींच्या शिशीत गळ्यापर्यंत भरलं. उरलेलं थोडं संजूला पाजलं. रिकामी कशी परत करू काकी, ती म्हणाली. आणि नवी शिशी? ती धुऊन तिने देवाजवळ ठेवली होती, दिव्याचं तेल भरून.

दोघी घरी आल्या तेव्हा रीता दारातच उभी होती. दुलारीने देवाजवळची शिशी आणली. तेलाने लेबल पारदर्शक झालं होतं, पण आकडे दिसत होते. रीताने पदराच्या टोकाने ते पुसले, फोनजवळ धरले, आणि या वेळी एकदाच पाहिलं.

"तोच आहे," ती म्हणाली.

दुलारी उंबऱ्यावर बसली. हातातला विळा तिने अजून सोडला नव्हता.

"माझ्याच हातानं पाजलं काकी."

"तू आपल्या पोराले पाजलं," सुशिलाबाई म्हणाल्या. "मी गल्लीले पाजलं. ऊठ."

रीताने दोघींनाही पुढे बोलू दिलं नाही. रडणं दवाखान्यात करा, तिथे जागा आहे, असं म्हणून तिने आटो बोलावला. दोन्ही शिश्या एका पिशवीत घालून वर गाठ मारली आणि अंजूच्या हातात दिली. डॉक्टरला लेबलही दाखवायचं आणि आतलं औषधही. सुशिलाबाईंची साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. त्यांनी आत जाऊन हाताला लागली ती नेसली, ती नेमकी बाहेरगावी नोकरीला असलेल्या उमेंद्रने दिवाळीसाठी पाठवलेली, घडी न मोडलेली जांभळी साडी निघाली. बदलायला वेळ नव्हता. संजूला मांडीवर घेऊन त्या आटोत बसल्या. तो डोळे उघडून पुन्हा मिटत होता.

ओमेशचा आटो गल्लीच्या तोंडाशी आला आणि सुशिलाबाई म्हणाल्या, थांबव. रुख्माच्या घरासमोर. गेल्याच आठवड्यात त्यांनी त्या शिशीतून थोडं औषध एका लहान शिशीत ओतून रुख्माच्या मुलीसाठी दिलं होतं. दिलेली वस्तू परत मागायला त्या आयुष्यात कोणाच्या दारी गेल्या नव्हत्या. त्या आटोतूनच बोलल्या, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, की रुख्मा, मी देलेलं खोकल्याचं औषध परत दे.

रुख्मा बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर आधी नवल होतं, मग ते दुखावल्यासारखं झालं. "देलेली चीज कोणी परत मागते का काकी? माझं काही चुकलं का?"

"माझं चुकलं. तुझ्या पोरीनं प्यालं का ते?"

नाही, रुख्मा म्हणाली. चाटून थुंकून टाकलं होतं, चव नाही आवडली. ती आत गेली आणि शिशी घेऊन आली. सवयीने दुसऱ्या हातात दोन केळीही घेऊन आली, कारण काकींची वस्तू नुसती कशी द्यायची. सुशिलाबाईंनी शिशी घेतली, केळीही घेतली. रीता तिथेच उतरली. थुंकून टाकलं असलं तरी हिलाही दाखवून घेऊ, आम्ही मागून येतो, आणि उरलेल्या घरी मी विचारत जाते, असं तिने सांगितलं. सुशिलाबाईंनी आणखी एका घराचं नाव घेतलं, चैतरामच्या. त्याहून जास्त नव्हती. तेवढं देवाने राखलं.

सडक अर्जुनीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. अंजूने पिशवी तिच्यासमोर ठेवली. डॉक्टरने आधी नाड्याच्या शिशीचं लेबल वाचलं आणि म्हणाली की हा नंबर तर यादीतला नाही. तेव्हा सुशिलाबाईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं; वाटी, विरजण, रीत, सगळं. डॉक्टर लिहिता लिहिता मध्येच थांबून ऐकत राहिली.

"एका वेळी किती दिलं आजी?"

"एक चमचा."

"कोणता चमचा?"

सुशिलाबाईंनी थोडा विचार केला. "पोह्याचा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. दोन्ही मुलांचं रक्त घेतलं. संजूचं पोट दाबून, डोळे पाहून, पाय पाहून झालं. लेकरू शुद्धीवर नीट आहे, उलटी नाही, सूज नाही, हे चांगलं आहे, ती म्हणाली. पण रक्ताचा रिपोर्ट येईस्तोवर आणि लघवी होईस्तोवर काही सांगता येत नाही. गोंदियाला पाठवायची वेळ आली तर गाडी तयार आहे. तोवर त्याला थोडं थोडं पाणी पाजा आणि लक्ष ठेवा.

मग त्या बाकावर तिघी बायका एका पोराने शू करण्याची वाट पाहत बसल्या. टीनाने आल्याबरोबर केली होती, आणि पुन्हा एकदा केली, आणि दोन्ही वेळा नर्सला जाऊन सांगितलं. बक्षीस म्हणून तिला रुख्माचं एक केळं मिळालं. संजू सुशिलाबाईंच्या मांडीवर होता. दुलारी वाटीने घोटघोट पाणी पाजत होती आणि तो ते गिळत होता आणि काहीच होत नव्हतं. दुलारीने खुशालला फोन केला, पण तो उचलल्यावर तिला बोलता येईना. अंजूने फोन घेऊन त्याला समजावून सांगितलं आणि घाबरू नका, पण या, असं म्हणाली.

सुशिलाबाईंनी डोळे मिटले. देवाशी सौदा करायची त्यांना सवय नव्हती. नारळ देईन, उपास करीन, हे त्यांनी कधी केलं नाही. त्या मनात एवढंच म्हणाल्या, माय, तुझ्या फळीखाली मी ते ठेवलं, तुझा धूर त्याले देला. तुले न विचारता तुझ्या नावावर खपवलं. त्याचा राग माझ्यावर काढ. हा तर बोलतही नाही नीट, याले कायले?

बाहेर बसस्टँडकडची गर्दी वाढत गेली. शाळा सुटली. ओमेश दोनदा डोकावून गेला. रुख्मा आणि तिची मुलगी आल्या, तपासून झाल्या, आणि डॉक्टरने घरी जा म्हटलं तरी रुख्मा गेली नाही. चैतरामच्या घरी ते कोणी प्यालंच नव्हतं, हा रीताचा निरोप सांगून समोरच्या बाकावर येऊन बसली.

आणि मग सुशिलाबाईंना मांडीवर ऊब जाणवली. आधी त्यांना वाटलं भास आहे. ऊब पसरत गेली, नव्या साडीतून, परकरातून, खाली बाकावर, आणि बाकावरून थेंब थेंब फरशीवर. त्या जराही हलल्या नाहीत. हललं तर मध्येच थांबेल अशी त्यांना भीती वाटली.

"अंजू," त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईले बोलाव."

अंजू दचकून उठली. "काय झालं?"

"मुतला."

दुलारीने फरशीकडे पाहिलं आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं. टीनाने आपल्या सवयीप्रमाणे ओरडून सगळ्या दवाखान्याला सांगितलं, आणि या वेळी तिला कोणी गप्प केलं नाही. रुख्माने उठून आपल्या पदराने बाक पुसायला घेतला. सुशिलाबाई मात्र तशाच बसून होत्या, ओल्या मांडीवर ते पोरगं घट्ट धरून, देवळात बसावं तशा.

डॉक्टर आली, पाहिलं, हसली. चांगली खूण आहे, ती म्हणाली, पण मी रिपोर्टशिवाय सोडणार नाही. दिवेलागणीला रिपोर्ट आले. दोन्ही मुलांचे ठीक होते. तरी संजूला तिने सकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि दोन दिवसांनी दोघांचं रक्त पुन्हा तपासायला बोलावलं. तेही पुढे ठीकच निघालं. शिश्या तिने मोहोर लावून पुढे पाठवायला ठेवल्या. मग बायकांना समोर बसवून तिने सांगितलं की एवढ्या लहान लेकरांचा साधा खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, पाणी द्या, आराम द्या, आणि औषध लागलंच तर डॉक्टर सांगेल तेच, त्याच लेकराला, मापाने. एका शिशीतलं दुसऱ्या शिशीत ओतायचं नाही. शिशी रिकामी झाली तर ती रिकामीच.

दुलारीने सुशिलाबाईंकडे पाहिलं, सुशिलाबाईंनी दुलारीकडे. बाकी सगळं त्यांना पटलं होतं. तेवढं शेवटचं घशाखाली उतरायला जरा वेळ लागला.

अंजूने चहा आणला. सुशिलाबाईंनी कप हातात घेतला, पण प्याल्या नाहीत. "बोल आता," त्या म्हणाल्या. "पोटात ठेवू नोको. तू सांगतलं होतं, मी नाही ऐकलं."

अंजूने त्यांच्या ओल्या साडीकडे पाहिलं. दुपारपासून ओठांवर अडवून धरलेलं ती बोलणार असं वाटलं, पण निघालं भलतंच.

"पोह्याचा चमचा, आई?" ती म्हणाली.

आणि मग दोघीही हसल्या, बराच वेळ. मधून मधून एकीने डोळे पुसायचे आणि दुसरीला पुन्हा हसू यायचं.

दुसऱ्या दिवशी खालची फळी रिकामी झाली. सुशिलाबाईंनी एकेक शिशीचा नाडा सोडला आणि सगळं पिशवीत भरून मनोहरलालच्या दुकानात नेऊन दिलं. त्याने स्वतःच्या दुकानातल्या त्या खेपेच्या शिश्या आधीच खोक्यात बांधून ठेवल्या होत्या. तो खाली मान घालून म्हणाला की आता चिठ्ठी नसेल तर लेकरांचं औषध देत नाही काकी. बरं करतोस, त्या म्हणाल्या, मीही देत नाही. घरी आल्यावर बिसरामांनी विचारलं की मग आता डॉक्टरीणबाई काय करणार? त्यावर त्यांनी रिकामी फळी ओल्या फडक्याने पुसून घेतली.

पण महिनाभराने, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी गावात पाहुणे आलेले असताना, रुख्माची मुलगी खोकायला लागली आणि रुख्मा सवयीने दारात आली. सुशिलाबाईंनी पदराला हात पुसले. फळीकडे वळल्या नाहीत. कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या आणि म्हणाल्या, "चाल. रांगेत मी बसतो, तू पोरीले धर." आता गल्लीत कोणाचं लेकरू आजारी पडलं की त्या असंच निघतात. दवाखान्यातल्या नर्सा त्यांना ओळखतात. कोणता चमचा आजी, असं विचारून हसतात, आणि त्याही हसतात.

ती जांभळी साडी दुलारीने त्यांच्या अंगावरून जवळजवळ ओढूनच नेली होती, मी धुतो म्हणून. मंडईच्या आधीच, दिवाळीच्या आदल्या दिवशी, ती परत घेऊन आली. धुतलेली, निळीत न घातलेली, तळहाताने दाबून दाबून घडी केलेली. संजू तिच्या कडेवर होता, कोरडा, आणि त्याचा त्याला जरा कंटाळा आलेला दिसत होता. सुशिलाबाईंनी साडी हातात घेतली तर तिच्या पदराला एक गाठ होती. सोडून पाहिली. आत नव्या धानाचे मूठभर तांदूळ होते.

रिकामी कशी आणू काकी, दुलारी म्हणाली.

सुशिलाबाईंनी ते तांदूळ वर तसबिरीसमोर ठेवले. थोडे बाजूला काढून खालच्या रिकाम्या फळीवरही ठेवले, आणि उदबत्तीचा धूर दोन्हीकडे फिरवला. मग संजूला कडेवर घेतलं आणि दुलारीला विचारलं, तुझ्या घरी विरजण आहे ना? माझं पुन्हा नासलं.